वल्हांडणाचा चंद्र

कोट्टयमजवळच्या एका गावात मी तीन वर्षे भाड्याने राहत होते. घरमालक सीरियन ख्रिस्ती. पहिल्याच वर्षी पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी रात्री त्यांनी मला खाली जेवायच्या खोलीत बोलावले. घरातले वडीलधारे अप्पच्चन टेबलाच्या टोकाशी बसले होते. समोर तांदूळ आणि उडदाच्या पिठाचा, न आंबवता वाफवलेला अप्पम होता आणि त्यावर झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा छोटा क्रूस. शेजारी नारळाचे दूध आणि गूळ घालून केलेले पेय. प्रार्थना झाली. अप्पच्चननी अप्पम मोडला आणि प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवला. मला देताना म्हणाले, "मोळे, हा पेसहा."

ज्या घरात वर्षभरात कुणी वारले असेल त्या घरी हा अप्पम करत नाहीत; शेजारी आणून देतात. हे त्यांनी नंतर सांगितले. मी मात्र त्या एका शब्दापाशीच अडकले होते. पेसहा म्हणजे हिब्रूतला पेसाख. म्हणजे आमचा वल्हांडण.

माझे बालपण अहमदनगरच्या एका प्रोटेस्टंट मंडळीत गेले. वल्हांडण हा शब्द संडे स्कूलमध्ये शेकडो वेळा ऐकला होता. संडे स्कूलच्या बाहेर एकदाही नाही. तो यहुद्यांचा कुठला तरी जुना सण, आपला सण ईस्टर, अशी मनात सरळ वाटणी झाली होती. शब्दाचा अर्थही कधी शोधला नव्हता. खरे तर तो कानाला लगेच कळायला हवा होता: वल्हांडणे हे ओलांडणेचेच भावंड. ज्या रात्री मिसर देशातल्या प्रत्येक घरात मृत्यू शिरला, त्या रात्री कोकराच्या रक्ताची खूण असलेली दारे परमेश्वराने ओलांडली, असे निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. इतर अनेक भाषांनी मूळ शब्दाचा ध्वनी घेतला. हिंदी बायबलात फसह, तमिळमध्ये पस्का, मलयाळममध्ये पेसहा. मराठीने अर्थ घेतला. या सुंदर अनुवादाची एक किंमत मात्र आपण मोजली. ग्रीक आणि लॅटिन भाषांत यहुदी सणाला आणि पुनरुत्थानाच्या सणाला एकच नाव आहे: पास्खा. गोव्यातले कोंकणी ख्रिस्ती आजही ईस्टरला पास्कांचें फेस्त म्हणतात. ईस्टर हा शब्द इंग्रजी आणि जर्मनसारख्या मोजक्याच भाषांतला. तो आपल्याकडे मिशनऱ्यांबरोबर आला. त्यामुळे मराठीत एका सणाचे दोन झाले. एक पवित्र शास्त्रात राहिला, दुसरा दिनदर्शिकेत.

त्या मूळ रात्रीचे जेवण घाईचे होते. कंबर कसलेली, पायात जोडे, हातात काठी; पीठ आंबायला वेळ नाही म्हणून भाकर बेखमीर, आणि गुलामीची चव विसरू नये म्हणून सोबत कडू भाजी. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर निसान महिन्याच्या चौदाव्या तारखेला, म्हणजे वसंतातल्या पौर्णिमेच्या तोंडावर, तिथे कोकरे कापली जात. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले. वेदी गेली, कोकरू गेले. मग रब्बींनी सण घरच्या टेबलावर आणला. चार प्याले, बेखमीर भाकर, कडू भाजी, आणि लहान मुलाने विचारायचा प्रश्न: आजची रात्र वेगळी का? मिश्नात एक विलक्षण नियम आहे. प्रत्येक पिढीतल्या प्रत्येकाने असे समजायचे की मिसरातून जणू आपण स्वतःच बाहेर आलो. पूर्वजांची गोष्ट सांगून भागत नाही. ती आपली म्हणून सांगावी लागते.

येशू याच सणासाठी जेरुसलेमला आला होता. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते त्याचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचेच भोजन होते. योहानाच्या शुभवर्तमानात तो आदल्या दिवशी, मंदिरात कोकरे कापली जातात त्या दिवशीच क्रुसावर जातो. तपशील जुळत नाहीत; पण चौघांनाही या मृत्यूचा अर्थ वल्हांडणाशिवाय सांगता येत नाही. भोजनानंतर शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले असे मार्क लिहितो. वल्हांडणाच्या रात्री यहुदी घरांतून आजही स्तोत्रसंहितेतली ११३ ते ११८ ही स्तोत्रे गातात. करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना पौल ख्रिस्ताला आपल्या वल्हांडणाचे कोकरू म्हणतो आणि जुने खमीर काढून टाका असे बजावतो. हे पत्र मंदिर पडण्याच्या आधीचे. लिहिणारा यहुदी होता, आणि तो स्वतःला दुसऱ्या कुठल्या धर्माचा समजत नव्हता.

मग वाट कुठे फुटली? आधी तारखेवरून. आशिया मायनरमधले ख्रिस्ती यहुद्यांबरोबरच निसानच्या चौदाव्या रात्री सण पाळत, वार कुठलाही असो. रोममधले रविवार धरून बसले होते. इ. स. १५५च्या सुमारास स्मुर्णेचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. बिशप अनिसेटस आणि तो, दोघांनीही आपला हट्ट सोडला नाही. तरी अनिसेटसने आपल्या चर्चमधला प्रभुभोजनविधी मानाने पॉलिकार्पच्या हाती दिला आणि ते सलोख्याने निरोप घेऊन गेले. चर्चच्या इतिहासातली ही घटना मला फार मोठी वाटते. पुढे इ. स. १९०च्या सुमारास बिशप व्हिक्टरने आशियातल्या मंडळ्यांना बहिष्कृत करायचे ठरवले, तेव्हा लियॉनच्या इरेनियसने त्याला याच भेटीची आठवण करून दिली.

त्याच काळात आणि त्याच आशियात सार्दिसचा मेलितो होऊन गेला. पास्खावरचे त्याचे प्रवचन हे आज उपलब्ध असलेले या सणाचे सर्वांत जुने ख्रिस्ती प्रवचन. तो निर्गमाचा तोच बारावा अध्याय घेतो आणि कोकरापासून क्रुसापर्यंतची रेघ इतक्या तन्मयतेने ओढतो की वाचताना श्वास थांबतो. आणि मग तो इस्राएलवर देवाच्या हत्येचा आरोप ठेवतो. सार्दिसमध्ये यहुदी समाज जुना होता आणि प्रतिष्ठित होता. १९६२ साली तिथल्या उत्खननात प्राचीन काळातले एक भव्य सिनेगॉग सापडले. मेलितोची मंडळी त्या मानाने लहान आणि असुरक्षित. घरातून वेगळे झालेल्या धाकट्या भावाने थोरल्याविषयी बोलावे तशी ती भाषा आहे. पण इ. स. ३२५च्या निकियाच्या परिषदेनंतर ही भाषा दुबळ्याची राहिली नाही. सर्व चर्चेसनी यहुद्यांच्या गणनेवर न विसंबता एकाच रविवारी सण पाळावा असे ठरले. आणि सम्राट कॉन्स्टंटाइनने मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रात, यहुद्यांची रीत चालवणे आपल्याला शोभत नाही, असा सूर लावला. धाकट्याच्या रागाला आता राज्याचे बळ मिळाले.

याचे पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय या सणाच्या आध्यात्मिक अर्थावर बोलणे मला अप्रामाणिक वाटते. मध्ययुगीन युरोपात पवित्र सप्ताह आला की यहुदी वस्त्या दारे लावून बसत. १९०३ साली किशिनेव्ह शहरात ईस्टरच्या रविवारी दंगल उसळली आणि ४९ यहुदी मारले गेले. त्यांच्या पंचांगात तो वल्हांडणाच्या सणाचा शेवटचा दिवस होता. मृत्यूने दारे ओलांडून जावे म्हणून सुरू झालेला सण, आणि त्याच सणात मृत्यू दारे फोडून आत आला. गुड फ्रायडेच्या कॅथलिक प्रार्थनेतला यहुद्यांविषयीचा अपमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढला. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. तोवर सोळाशे वर्षे उलटली होती.

आपल्याकडे या इतिहासाला वेगळे वळण आहे. कोकणातल्या बेने इस्राएलांना गावकरी शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. वल्हांडणाला त्यांचे स्वतःचे मराठी नाव होते: अनाशी ढाकाचा सण. आंबट कालवणाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवायचे, म्हणून हे नाव. खमीर वर्ज्य असल्याची आठवण एका मडक्याच्या झाकणात शिल्लक राहिली होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. उद्देश धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी हिब्रू शिकून घेतली, आणि बहुतेकांनी ती आपलीच शास्त्रे वाचायला वापरली. १८७४ साली पुण्यात मराठी अनुवादासह हगादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचायचे हे पुस्तक. तिच्यातल्या एका चित्रात साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझ्या आजीच्या स्वयंपाकघराची आठवण झाली.

आज काही चर्चमध्ये गुरुवारी यहुदी पद्धतीचे सेदेर भोजन हौसेने केले जाते. त्यामागची आपुलकी मला कळते, पण मन घेत नाही. ते टेबल मंदिराच्या राखेतून यहुद्यांनी उभे केले. ते त्यांचे आहे. आपण त्यांच्या टेबलावर बसून यजमान होऊ नये. कोट्टयमच्या अप्पमची गोष्ट निराळी. तो स्वतःच्या पिठाचा, स्वतःच्या गुळाचा आहे, आणि नाव मात्र ज्यांचे त्यांचेच ठेवले आहे. ऋण मान्य करण्याची याहून साधी रीत मला माहीत नाही. पुनरुत्थानावरची माझी श्रद्धा त्याने कमी होत नाही. उलट, गुलामीतून सुटका करणारा देव आणि कबरेची धोंड लोटणारा देव एकच, हे त्या नावामुळेच कळते. सुटका ज्याची त्याला कळते ती तो स्वतः मिसरात होता असे मानेल तेव्हाच. आणि जो मिसरात होता त्याला दुसऱ्याच्या दारावर घाव घालता येत नाही.

निकियाने तारीख वेगळी केली, पण चंद्र वेगळा करता आला नाही. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा बहुधा निसानचीच. गेल्या वर्षी नगरला पहाटेच्या उपासनेला निघालो तेव्हा तो पश्चिमेला होता, एका बाजूने झिजू लागलेला. नऊ वर्षांची भाची अर्धवट झोपेत होती. तिने विचारले, "मावशी, नाताळ एकाच तारखेला येतो, मग ईस्टर दर वर्षी का बदलतो?"

चर्च अजून दहा मिनिटांवर होते. मी तिला चंद्र दाखवला आणि मिसरापासून सुरुवात केली.