लाँगवुड : एका अर्ध्या राहिलेल्या अष्टकोनाविषयी

मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावाबाहेर लाँगवुड नावाचे एक अष्टकोनी घर आहे. बाहेरून पाहिले तर ते पुरे झालेले वाटते. नक्षीदार खांबांचे सज्जे आहेत, वर सोळा बाजूंचा मनोरा आहे आणि त्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट. आत शिरून जिना चढू लागले की मात्र उघड्या विटा आणि नुसते वासे दिसतात. योजलेल्या बत्तीस खोल्यांपैकी केवळ तळघरातल्या नऊ पुऱ्या झाल्या. बाकीचे घर १८६१ साली जिथे थांबले, तिथेच थांबलेले आहे.

अष्टकोनी घराची ही कल्पना आली कोठून? तिचे मूळ एका मस्तकसामुद्रिकाच्या डोक्यात आहे. ऑर्सन स्क्वायर फाउलर (१८०९–१८८७) हा कवटीचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगणारा गृहस्थ. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे घराणे अगदीच परके नसावे. ऑर्सनचा भाऊ लॉरेन्झो याने १८४९ मध्ये वॉल्ट व्हिटमनचे मस्तक तपासले होते आणि ‘लीव्हज ऑफ ग्रास’ची १८५६ ची दुसरी आवृत्ती याच कुटुंबाच्या पेढीने, आपले नाव न घालता, काढली होती. ऑर्सनने १८४८ साली ‘अ होम फॉर ऑल’ हे पुस्तक लिहून घर अष्टकोनी बांधावे असा आग्रह धरला. त्यामागचे गणित खरे आहे. तेवढ्याच लांबीच्या भिंतींत चौकोनापेक्षा अष्टकोन सुमारे एक पंचमांश अधिक जागा कवेत घेतो. त्यावरून फाउलरने काढलेला निष्कर्ष असा की सामान्य माणसाला कमी खर्चात मोठे घर मिळेल. (आतल्या खोल्यांचे कोपरे तिरपे होतात आणि त्यात पलंग नीट बसत नाही, ही अडचण गणितात येत नाही.) त्याने स्वतःसाठी न्यूयॉर्क राज्यात फिशकिल येथे साठ खोल्यांचे अष्टकोनी घर बांधले. पुढे देशात अशी शेकडो घरे उठली. १८५६ मध्ये तर कॅन्सासमध्ये गुलामगिरीविरोधी मंडळींनी अख्खी अष्टकोनी वसाहत वसवण्याचा घाट घातला होता.

सर्वांसाठी म्हणून मांडलेला हा आकार नॅचेझमध्ये पोहोचला तो हॅलर नट याच्या हातून. नट कापसाचा मोठा मळेवाला होता आणि सुमारे आठशे गुलामांचा मालक होता. फिलाडेल्फियाचा वास्तुविशारद सॅम्युएल स्लोन याच्या नमुनासंग्रहातला ‘पौर्वात्य व्हिला’ त्याच्या मनात भरला. काटकसरीच्या आकारावर पूर्वेकडच्या राजवाड्याची कल्पना चढवून १८६० मध्ये काम सुरू झाले. विटा जागेवरच गुलामांनी पाडल्या आणि कसबी कामासाठी फिलाडेल्फियाहून कारागीर आले. घराच्या मध्यभागी तळापासून मनोऱ्यापर्यंत पोकळी ठेवून आरशांच्या साहाय्याने वरचा उजेड खाली उतरवायची योजना होती.

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडचे कारागीर हत्यारे टाकून घरी परतले. त्यांच्या पेट्या, रंगाचे डबे आणि हत्यारे पुढे तिथेच राहिली. स्थानिक गुलामांकडून तळघर तेवढे पुरे करून घेऊन कुटुंब तिथे राहू लागले. विलक्षण बाब अशी की नट स्वतः दक्षिणेच्या फुटून निघण्याच्या विरोधात होता. तरी युद्धात त्याची मालमत्ता गेलीच. जून १८६४ मध्ये न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. पत्नी ज्युलिया मुलांसह तळघरातच राहिली आणि नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे सरकारशी भांडत राहिली.

ही कहाणी सांगण्याची एक रूढ तऱ्हा आहे : खचलेला धनी, निष्ठावान विधवा, भंगलेले स्वप्न. घराला ‘नटचा वेडेपणा’ असे टोपणनावही पडले. मला ही तऱ्हा अपुरी वाटते. ज्या युद्धाने हे काम थांबवले, त्याच युद्धाने विटा पाडणाऱ्यांची गुलामी संपवली. त्यांच्या बाजूने पाहता वरचे रिकामे मजले ही शोकांतिका ठरत नाही. आपण मराठी वाचकांनी तरी हे विसरू नये. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांनाच.

आणखीही एक धागा मुंबईशी जुळतो. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे वळल्या. मुंबईत अतोनात पैसा खेळू लागला आणि समुद्र भरून काढण्याच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. त्या तेजीतले मोठे नाव प्रेमचंद रायचंद; विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून झाला आणि १८७८ मध्ये पुरा झाला. ज्या कापसाच्या टंचाईने नॅचेझमधले घर अर्ध्यावर राहिले, तिनेच मुंबईला मनोरा दिला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरायला हवा, कारण घर थांबवले ते युद्धाने, टंचाईने नव्हे. टंचाई हेही त्याच युद्धाचे अपत्य. योगायोग एवढाच की हा टॉवरही वर जाताना चौकोनातून अष्टकोनी होतो. असो.

फाउलरला १८५७ च्या आर्थिक मंदीने गाठले आणि फिशकिलचे घर त्याच्या हातून गेले. ते अनेक हातांतून फिरत मोडकळीस आले, शेवटी धोकादायक ठरले आणि १८९७ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. ज्युलिया नट वारली तीही १८९७ मध्येच. लाँगवुड तिच्या वंशजांकडे राहिले, नंतर विकले गेले आणि १९७० पासून नॅचेझच्या एका उद्यान मंडळाकडे आहे. त्यांनी वरचे मजले मुद्दाम पुरे केलेले नाहीत.