पावशा

पावशा (शास्त्रीय नाव: हायरोकॉक्सिक्स व्हॅरियस) हा कोकीळ कुळातील पक्षी आहे. हिंदीत त्यास पपीहा म्हणतात. उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी त्याचा आवाज सर्वत्र ऐकू येतो. मात्र दाट पालवीत बसत असल्याने तो क्वचितच दृष्टीस पडतो.

आढळ

भारत, नेपाळ, बांगलादेश व श्रीलंका येथे हा पक्षी आढळतो. दर्यापूरसारख्या वऱ्हाडातील काळ्या मातीच्या सपाट प्रदेशात सलग वृक्षराजी कमी असल्याने शेताच्या धुऱ्यावरील बाभूळ व कडुनिंब, नाल्याकाठची झाडी आणि गावालगतच्या आमराया हे त्याचे आश्रयस्थान होय. हिवाळ्यात तो बहुधा मूक असतो, त्यामुळे त्याचे अस्तित्व जाणवत नाही.

आवाज

नराची साद तीन स्वरांची असून महाराष्ट्रात ती ‘पेर्ते व्हा’ अशी ऐकली जाते. प्रत्येक आवर्तनागणिक स्वर चढत जातो व शिगेला पोहोचताच साद एकाएकी थांबते. चांदण्या रात्रीही ती ऐकू येते. कोकीळ नराची ‘कुहू’ ही साद दोन स्वरांची असते.

ओळख

आकाराने पावशा साधारण कबुतराएवढा असतो. पाठ राखाडी, छाती तांबूस, पोटावर आडव्या रेषा आणि लांब शेपटीवर पट्टे असतात. अल्पवयीन पक्ष्याच्या छातीवर मात्र तपकिरी उभ्या रेघोट्या दिसतात. रंग व उडण्याची ढब शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखी असल्याने लहान पक्षीही फसतात. शिक्र्याची चोच आखूड व आकडेदार, तर पावशाची सडपातळ व किंचित बाकदार असते. शिक्र्यासारख्या बळकट नख्याही त्याला नसतात. डोळ्याभोवतीचे पिवळे कडे ही आणखी एक खूण होय.

प्रजनन व आहार

पावशा घरटे बांधत नाही. मादी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात निळे अंडे घालते व पिलाचे संगोपन सातभाईच करतात. केसाळ सुरवंट हे त्याचे आवडते खाद्य आहे. धुऱ्यावरील झाडेझुडपे तोडल्यास पावशाचा आसरा आणि सातभाईंच्या घरट्यांच्या जागा दोन्ही नष्ट होतात.

लोकसमजूत

पावशाची साद म्हणजे शेतकऱ्याला पेरणीची सूचना, असे परंपरेने मानले जाते. प्रत्यक्षात ही साद विणीच्या हंगामाशी निगडित असून पावसाच्या बऱ्याच आधीपासून सुरू होते. त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर पेरणी करणे योग्य नव्हे. जमिनीत पुरेशी ओल नसताना केलेली पेरणी वाया जाऊन दुबार पेरणीची वेळ येऊ शकते.