नोटर डेम फुटबॉल संघाचा २००७ चा हंगाम

नोटर डेम फुटबॉल संघाचा २००७ चा हंगाम : अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठाच्या ‘फायटिंग आयरिश’ या अमेरिकन फुटबॉल संघाचा अपयशी हंगाम. संघाने १२ पैकी केवळ ३ सामने जिंकले. ९ पराभवांची ही संख्या तोवरच्या इतिहासात या संघासाठी सर्वाधिक होती.

चार्ली वाइस यांचे प्रशिक्षकपदाचे हे तिसरे वर्ष होते. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाच्या आक्रमणाचे सूत्रधार म्हणून त्यांनी नाव कमावले होते. २००५ मध्ये ९ आणि २००६ मध्ये १० विजय मिळाल्याने अपेक्षा उंचावल्या होत्या. मात्र क्वार्टरबॅक ब्रेडी क्विन यांच्यासह अनेक अनुभवी खेळाडू बाहेर पडले आणि धुरा नवख्यांवर आली. आक्रमक फळी दुबळी ठरल्याने तरुण क्वार्टरबॅक जिमी क्लॉसन वारंवार प्रतिस्पर्ध्यांच्या तावडीत सापडत.

जॉर्जिया टेकविरुद्ध ३३–३ अशा पराभवाने सुरुवात झाली. पहिले पाचही सामने गमावल्यावर यूसीएलएवर २०–६ असा विजय मिळाला. मिशिगन व यूएससी यांनी प्रत्येकी ३८–० असे नमवले. ३ नोव्हेंबर रोजी नेव्हीने तिसऱ्या जादा डावात ४६–४४ अशी बाजी मारली. त्यामुळे नेव्हीवरील सलग ४३ विजयांची, १९६४ पासूनची परंपरा खंडित झाली. हंगामातील हा सर्वांत जिव्हारी लागणारा पराभव होय. अखेरीस ड्यूक व स्टॅनफर्ड यांवरील विजयांनी थोडा दिलासा दिला.

वाइस पदावर कायम राहिले. २००९ च्या हंगामानंतर त्यांना दूर करण्यात आले.