हीमोफिलिया : अंतर्गत रक्तस्रावाचे उपद्रव

रक्त साखळण्यास आवश्यक अशा आठव्या किंवा नवव्या घटकाच्या आनुवंशिक न्यूनतेमुळे उद्भवणाऱ्या या विकारात, बाह्य जखमेपेक्षा गुडघा, कोपर वा घोट्याच्या सांध्यात वारंवार साचून कूर्चेचा नाश करणारे रक्तच रुग्णास अधिक जायबंदी करते. कमरेतून मांडीकडे उतरणाऱ्या स्नायूतील स्राव तर विशेष फसवा; मांडी पोटाकडे आखडते, तिचा पुढील भाग बधिर होतो, आणि वेदना उजवीकडे असल्यास आंत्रपुच्छदाहाचा कयास बांधून भलतीच शस्त्रक्रिया होण्याचा धोका संभवतो. रशियाचा युवराज अलेक्सेई १९१२ साली स्पाला येथे जांघेतील रक्तस्रावाने इतका मरणोन्मुख झाला, की त्याचा आजार गुप्त राखणाऱ्या दरबारासही प्रकृतीची पत्रके जारी करावी लागली. सर्वांत घातक मस्तिष्कातील रक्तस्राव. म्हणून डोक्यास जबर मार लागताच, तपासण्यांची तजवीज होईपर्यंत न थांबता, न्यून असलेला घटक प्रथम शिरेवाटे देतात.