मेणाचे चिलखत

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला जात होते. चाळीतील एकेका खोलीत अनेक चाकरमानी दाटीने राहत. हवेतून पसरणाऱ्या क्षयाला याहून सोयीची जागा कोणती? आजारी गडी गावी परतला, की त्याच्या खोकल्याबरोबर रोगही कोकणातल्या घरात शिरू शके.

हा जंतू इतकी वर्षे दृष्टीआड का राहिला? नेहमीचे रंग त्याला लागतच नसत. कॉख यांनी मिथिलीन ब्ल्यू रंगात अल्कली मिसळून काचपट्टी २४ तास भिजत ठेवली, तेव्हा तो दिसला. त्याच वर्षी पॉल एर्लिक यांना उलटीच गोष्ट आढळली. एकदा चढलेला रंग आम्लानेही निघत नाही! झील व नीलसन यांनी ही रीत सुधारली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दाखविणारी बेडक्याची ही तपासणी पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ गावोगावच्या दवाखान्यांचा आधार ठरली.

याचे कारण जंतूच्या कवचात होते. अमेरिकेतील येल विद्यापीठात आर. जे. अँडरसन व सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये त्यातील मायकोलिक आम्ल वेगळे केले. शेंगदाणा तेलातील बहुतेक मेदाम्लांत १६ ते १८ कार्बन अणू असतात. मायकोलिक आम्लात ते ६० ते ९० असतात! या मेणचट थरातून औषधे कष्टाने आत जातात. अन्नही सावकाशच शिरते. आतड्यातला ई. कोलाय जंतू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, क्षयजंतूला सुमारे २० तास लागतात.

कवच आणि चयापचय यांचे नाते याहूनही जवळचे आहे. आपल्या भक्षक पेशी जंतूला गिळतात, पण तो आतच तग धरतो आणि त्यांच्यातील कोलेस्टेरॉल खातो. त्यातून उरणारे तीन कार्बनी घटक साचले तर त्यालाच विषारी ठरतात. हे घटक वापरून तो पृष्ठभागावरील मेद बनवतो, आणि तेच मेद त्याला भक्षक पेशींपासून लपवतात. म्हणजे घरातल्या केरातून तटबंदी उभारण्याचाच हा प्रकार!

१९१२ मध्ये प्रथम तयार झालेले आयसोनियाझिड १९५२ मध्ये क्षयावर गुणकारी ठरले. ते मायकोलिक आम्लाची निर्मितीच रोखते. मात्र जंतूच्याच एका विकराने ते कार्यक्षम होते. त्या विकरात बदल झालेले जंतू वाचतात. उपचार अर्धवट सोडले तर अशाच जंतूंचे फावते. म्हणूनच नेहमीच्या क्षयातही अनेक औषधे एकत्र, सहा महिने घ्यावी लागतात.

बरे वाटू लागताच गोळ्या सोडणाऱ्याला हे कारण पटवून देण्याचे काम शिक्षक आणि विद्यार्थी उत्तम करू शकतील. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्याने बेडका तपासून घ्यावा, हेही त्यांनी घरोघरी सांगावे.