सहा पौंडांचे भांडवल

विद्या अंगी येणे आणि त्या विद्येचे पैसे हाती येणे यांत केवढे अंतर असते, हे युनियनच्या कामात आम्ही नित्य पाहतो. संगणकाला कामाचा क्रम लिहून देण्याची जी विद्या, जिला प्रोग्रामिंग म्हणतात, तिच्या आरंभकाळातील एक हकीकत आज सांगावयाची आहे.

स्टेफनी शर्ली यांचा जन्म १९३३ चा, जर्मनीतील डॉर्टमुंडचा. वडील ज्यू. १९३९ साली नाझींच्या तावडीतून सोडविलेल्या मुलांबरोबर त्या पाच वर्षांच्या असताना इंग्लंडात आल्या. अठराव्या वर्षी लंडनमध्ये पोस्टखात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात नोकरीस लागल्या, आणि रात्रीच्या वर्गांना जाऊन १९५६ साली त्यांनी गणिताची पदवी घेतली. त्या काळी ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांत एकाच कामाला स्त्रीचा पगार पुरुषाहून कमी असे. समान वेतनाचा निर्णय १९५५ मध्ये झाला. तो हप्त्याहप्त्याने पुरा होण्यास १९६१ साल उजाडले.

१९६२ साली शर्लीबाईंनी घरच्या जेवणाच्या टेबलावर स्वतःची कंपनी काढली. भांडवल सहा पौंड! विकावयाचे काय, तर प्रोग्राम. आणि यंत्र घेणाराला प्रोग्राम तर फुकट मिळत. लोक हसले. पत्रांना उत्तरे येईनात, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. मग उत्तरे आली. लग्न किंवा बाळंतपण यांपायी नोकरी सुटलेल्या, पण काम उत्तम येणाऱ्या बायका त्यांनी जमविल्या. या बायका घरी बसून कागद-पेन्सिलीने प्रोग्राम लिहीत. गिऱ्हाइकाचा फोन आला की मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावावयाची, म्हणजे घराची कचेरी होई! पहिल्या ३०० माणसांत २९७ बायका होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग अशा घरांतूनच झाले.

घरी नेलेले काम म्हटले की आम्हांस सोलापूरच्या विडीवाल्या बाया आठवतात. विड्या छाटात गेल्या की मजुरी बुडाली. घरी वळणारीला कायद्याचे संरक्षण मिळावयास १९६६ चा विडी कायदा यावा लागला. शर्लीबाईंच्या कंपनीचे तर नावच ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’. म्हणजे काम असेल तेव्हा पैसे. आमच्यासारख्याला हे सहजी रुचत नाही. तथापि ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या विद्येला दाम या बाईंनी मिळवून दिला, हे नाकारता यावयाचे नाही.

१९७५ च्या स्त्री-पुरुष भेदविरोधी कायद्याने गंमत केली. केवळ बायकांना काम देण्याचे धोरणच बेकायदेशीर ठरले, आणि पुरुषांना आत घ्यावे लागले. पुढे शर्लीबाईंनी आपले शेअर नोकरवर्गाला वाटण्यास आरंभ केला. १९९१ मध्ये कंपनीचा ताबा कामगारांकडे आला, १९९६ मध्ये शेअर लंडनच्या बाजारात गेले आणि सुमारे ७० कर्मचारी दशलक्ष पौंडांचे धनी झाले. शेअरवाटपाच्या आधीच ज्या काम सोडून गेल्या होत्या, त्यांच्या वाट्याला मात्र केलेल्या कामाची मजुरी तेवढी आली.