मानमोडीपासून कोविडपर्यंत : शुश्रूषा करणाऱ्यांना होणारी लागण

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला मराठी मुलखात मानमोडी म्हणत. जूनमध्ये तो गोदीतून मुंबईत शिरला; गोदीवरचे पोलीस शिपाई पहिल्या रुग्णांत होते. सप्टेंबरची दुसरी लाट फार मारक ठरली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. पुढे रोग आगगाडीने देशभर पोचला. नागपूर आणि इटारसीकडचे मार्ग जेथे फुटतात ते भुसावळ याच वाटेवर होते.

बरेच डॉक्टर महायुद्धावर गेल्याने मुंबईत शुश्रूषेचा मोठा भार स्वयंसेवी मंडळांनी उचलला. रोग कशाने होतो हेच नीट कळलेले नव्हते. फायफरने १८९२ मध्ये वर्णन केलेला जिवाणू दोषी धरला जाई. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो थेट १९३३ मध्ये.

पसरण्याच्या रीतीबद्दलचा गोंधळ त्याहून जास्त टिकला. खोकल्याचे मोठे थेंब जवळच पडतात, पण सुकून बारीक झालेले कण हवेत तरंगत राहतात, हे संशोधक वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडले. तरीही रुग्णालयांचे नियम बराच काळ मोठे थेंब आणि हातभर अंतर यांभोवतीच फिरत राहिले. त्याची किंमत २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत दिसली. जगभरच्या ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ आरोग्य कर्मचारी होते. निदान होण्याआधीच रुग्ण साध्या वॉर्डात असे. श्वासनलिकेत नळी घालताना तर डॉक्टरचा चेहरा रुग्णाच्या तोंडासमोरच येतो.

भुसावळ ज्या जिल्ह्यात आहे त्या जळगावात पहिला कोविड रुग्ण मार्च २०२० च्या अखेरीस सापडला. जिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवावे लागले आणि काही काळ जिल्ह्याचा मृत्युदर देशात सर्वाधिक असणाऱ्यांत मोडत होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई सेंट्रल भागातल्या एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले; रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र झाले. अशा उद्रेकांत सगळा दोष रुग्णाच्या खाटेवर टाकणे चूक. संरक्षक पोशाखाचे पीपीई किट घालून वॉर्डात सावध राहणारी माणसे डबा खायला एकत्र बसली की मास्क उतरतो, आणि बंद खोलीत लागण सहकाऱ्याकडूनच होते. परिचारिकांच्या सामायिक निवासातही तेच. पीपीई किटच्या तुटवड्यावर जितकी चर्चा झाली, तितकी या खोल्यांच्या खिडक्यांवर झाली नाही.

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. थेंब आणि हवेतले कण ही जुनी विभागणी याच संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये बाजूला ठेवली आणि सर्व आकारांच्या संसर्गजन्य कणांसाठी एकच संज्ञा सुचवली.